गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडू नका, आधी सीट वर घ्या!



"डॉक्टर, गुडघे दुखतायत. सायकल बंद करू का?" नाटे परिसरात हा प्रश्न नवा नाही. विचारणारा साधारण पन्नाशीच्या पुढचा असतो. घरात जुनी काळी सायकल, रोजचा बाजार, बागेत एक फेरी, संध्याकाळी साखरी नाट्याच्या बंदरावर चक्कर. त्याला बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं, "वय झालं आता, बंद करा." मग सायकल पडवीत उभी राहते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. रोजचं चालणंफिरणं तुटतं, वजन वाढतं, साखर वाढते. आणि गुडघा? तो दुखतोच आहे!

"सायकल बंद करा" हा सल्ला तपासणी न करता दिलेला असेल, तर तो चुकीचा आहे. गुडघ्याची तपासणी तर हवीच, पण सायकलचीही हवी. बिनगियरच्या साध्या सायकलमध्ये घरच्या घरी पाच दुरुस्त्या केल्या, तर अनेकांचा त्रास कमी होऊ शकतो. त्यासाठी नवी सायकल लागत नाही. एक पाना, हवेचा पंप, थोडं तेल आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं.

सायकल गुडघ्याची वैरी नाही

चालताना आणि जिना उतरताना शरीराचं वजन गुडघ्यावर येतं. सायकलवर त्यातलं बरंचसं वजन सीट उचलते. गुडघा फिरतो, पण आपटत नाही. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातलं वंगण हालचालीमुळे कूर्चेत आतबाहेर होतं, त्यावरच तिचं पोषण चालतं. म्हणून गुडघ्याच्या झिजेवर आज जगभर पहिला उपचार सांगितला जातो तो व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं. त्या व्यायामांत सायकल आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. बाजाराला जायला १५ मिनिटं, यायला १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. झाली की १५० मिनिटं! २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अडीच लाखांहून अधिक ब्रिटिश लोकांचा एक अभ्यास आला. त्यात कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये, गाडी किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देता येणार नाही. पण "बंद करा" म्हणताना आपण काय काढून घेतोय, याचा अंदाज त्यातून येतो.

मग दुखतं कशाने?

मुख्य कारणं दोन. सीट खाली आणि दात जड.

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि खाली जाताना पुरता उघडत नाही. अशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला, की वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. दुखणं पुढच्या बाजूला, वाटीभोवती येतं. तुमचं दुखणं तिथेच असेल आणि चढावर वाढत असेल, तर संशय आधी सीटवर घ्या.

सीट खाली का असते? कारण आपण सगळे एक गोष्ट चुकीची शिकलो आहोत : सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकायला नकोत! थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली टेकायचा.

याची सर्वात मोठी शिक्षा शाळकरी मुलींना होते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. योजना चांगलीच आहे. पण आठवीत लावलेली सीट बारावीपर्यंत तशीच राहते. मुलीची उंची वाढते, सीट वाढत नाही. मग मुलगी म्हणते पाय दुखतात आणि आपण म्हणतो अभ्यासाचा कंटाळा. पालकहो, दर सहा महिन्यांनी मुलीच्या सायकलला पाना लावा.

पाच दुरुस्त्या, याच क्रमाने

१. हवा. मऊ टायरची सायकल ओढणं म्हणजे ओल्या वाळूत चालणं. टायरच्या बाजूवर हवेचा दाब छापलेला असतो, त्यापेक्षा जास्त भरू नका. आठवड्यातून एकदा हवा भरा. भरूनही दोन दिवसांत उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हवरची रबरी नळी बदला. ती अगदी स्वस्त मिळते.

२. सीट. भिंतीला टेकून सायकलवर बसा. पायडल सर्वात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवा. गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहील. हीच तुमची उंची. चालवतानाही चवड्यानेच दाबा, पायाच्या मध्याने नको. वर्षानुवर्षं खाली बसायची सवय असेल तर एकदम वर घेऊ नका. दर आठवड्याला अर्धा इंच पुरे. चालवताना कंबर डावीउजवीकडे डुलली किंवा गुडघ्यामागची शीर ताणली, तर सीट जास्त वर गेली असं समजा. सीट आडवी, सपाट ठेवा. नाक वर उचललेलं असेल तर जांघेतल्या नसा दाबून बधिरपणा येतो. नाक खाली असेल तर सगळा भार तळहातांवर जातो आणि करंगळीला मुंग्या येतात.

आपल्याकडे खारा वारा. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून बसलेली असते. हातोडा मारू नका. गंज सोडवणारा स्प्रे किंवा थोडं डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग पिळून काढा. परत बसवताना नळीला ग्रीस लावा. आणि लक्षात ठेवा, नळीचा किमान अडीच ते तीन इंच भाग फ्रेमच्या आत राहिलाच पाहिजे. कमी पडत असेल तर लांब नळी आणा.

३. ब्रेक. हे काम दातांच्या आधी करा. जुन्या सायकलची रिम लोखंडी असते. पावसात तिच्यावर ब्रेक फार कमी धरतो, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. कडक, चकाकणारे ब्रेकचे रबर बदला. रिम साबणाच्या पाण्याने पुसा, तिला तेल लागू देऊ नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक फिरलं तर सायकल रस्त्यावर आणू नका. पावसात उतरण लागण्याआधीच दोन्ही ब्रेक हलके धरा, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जाईल.

४. चेन. कोरडी, लाल चेन तुमची ताकद खाते. आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका. पावसाळ्यात दर आठवड्याला. गॅरेजमधलं काळं, जळकं ऑईल नको. त्यातला कचरा चेन झिजवतो, आणि ते वारंवार हाताला लागणं त्वचेला घातक आहे. चेन झिजली का हे फूटपट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/८ इंचाने पुढे गेली असेल तर चेन संपली. चेनचा ढिलेपणा वर-खाली अर्धा इंच असू द्या.

५. दात. ही खरी किल्ली. पुढच्या चेनव्हीलचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आहेत. २८ इंची सायकलच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. पंजाबच्या किंवा गंगेकाठच्या सपाट मुलखात हे ठीक आहे. बंदरावरून सड्याकडे चढताना मात्र दर फेऱ्याला गुडघा मोजावा लागतो!

मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवा. आता एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटर. त्याच चढावर त्याच वेगाने जायला पायडलवर जवळपास १८ टक्के कमी जोर लागतो. त्या बदल्यात पाय थोडे जास्त वेळा फिरतात, आणि गुडघ्याला तेच हवं असतं. मिनिटाला साठेक फेरे मारले तर सपाटीवर वेग ताशी साडेतीन किलोमीटरने कमी होईल. दोन किलोमीटरवरच्या बाजाराला सव्वा मिनिट जास्त. गुडघ्यासाठी सव्वा मिनिट महाग आहे का?

जुनं फ्रीव्हील काढायला खास हत्यार लागतं, तेवढं काम सायकलवाल्याकडून करून घ्या. तो म्हणेल, "१८चंच चालतं सगळ्यांना." ऐकू नका. २२ मागवायला सांगा, नाहीच मिळालं तर २०. दात वाढले की चाक स्लॉटमध्ये पुढे घ्यावं लागतं किंवा चेन एक इंच वाढवावी लागते. चेन झिजलेली असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतर नव्या दातांवरून ती उडी मारेल.

हँडलचं काय? ते सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर असलं की मान आणि कंबर सुखी राहते. रॉड ब्रेकच्या सायकलचं हँडल उचललं तर ब्रेकचे रॉड पुन्हा जुळवावे लागतात, हे विसरू नका.

"त्यापेक्षा गियरची घ्या की!"

हा सल्ला दुकानात मिळतो. गियर वाईट नाहीत. चांगली गियरची सायकल चढावर नक्कीच सोपी जाते. पण दहा-पंधरा हजार रुपये देऊन सीट तितकीच खाली ठेवली, तर गुडघा तितकाच दुखेल. शिवाय स्वस्त सायकलींना दिखाव्याच्या स्प्रिंगा असतात. त्या वजन वाढवतात आणि चढावर तुमचा जोर गिळतात. खाऱ्या हवेत गियरची नाजूक यंत्रणा पुसायला, जुळवायला रोज कोण बसणार?

"मोटर किट लावतो" म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं आहे : आधी ब्रेक पाहिलेत का? लोखंडी रिम आणि रॉड ब्रेक पायाच्या वेगासाठी बनलेत, मोटरच्या वजनासाठी आणि वेगासाठी नाही.

आणि "आता ही जुनी सायकल चांगली दिसत नाही" हे दुखणं गुडघ्याचं नाही, प्रतिष्ठेचं आहे. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद झाला. तरी तिच्या सायकली आजही रस्त्यावर आहेत, कारण या काळ्या सायकलींची मापं बहुतांश सारखीच. एका कंपनीच्या सायकलला दुसरीचं फ्रीव्हील, चेन, ब्रेक रबर बसतं. पाना फिरवला की दुरुस्त होणारं वाहन घरात आहे, त्याची लाज कसली?

सायकलने बरं होणार नाही असं काही

आता डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगतो. पुढील गोष्टींत पाना खाली ठेवा आणि दवाखान्यात या :

- चढावर छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम लागणं किंवा घाम फुटणं. हा दातांचा प्रश्न नाही, हृदयाचा असू शकतो. थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. थांबूनही कमी झालं नाही तर क्षणाचाही उशीर नको.
- गुडघ्याला सूज, लाली, ताप, गुडघा अडकणं किंवा अचानक दगा देणं.
- विश्रांतीतही किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं.
- एकाच पोटरीला सूज आणि दुखणं.
- सीट नीट करूनही जांघेत किंवा हातात टिकून राहणारा बधिरपणा.

तोल जात असेल, नजर कमी असेल, चक्कर येत असेल तर रस्त्यावर सायकल नको. आणि नळी खाली उभे राहून पाय जमिनीवर पुरत नसतील, तर ती फ्रेमच तुमच्यासाठी मोठी आहे. तिथे पाना कामाचा नाही, लहान फ्रेमच हवी.

बाकीच्यांनी पाच दुरुस्त्या करून सहा आठवडे चालवून पाहा. पहिले दोन आठवडे सपाटीवर, मग चढ. मांडीचे स्नायू थोडे दुखतील, ते चालेल. गुडघ्यातली कळ वाढता कामा नये. फरक पडला नाही तर जरूर या, पण येताना सायकलवरून या. गुडघ्याबरोबर सीटही पाहता येईल.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. "सायकल बंद" असं चिठ्ठीवर लिहिण्याआधी रुग्णाला एक प्रश्न विचारा : "सीट किती उंच आहे?" उत्तर येत नसेल तर तपासणी अर्धीच झाली.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. सांधा बदलाची शस्त्रक्रिया, हृदयविकार किंवा अलीकडची दुखापत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सायकल सुरू करा.)