शस्त्र हातीं कां येतें?

दोन समाजांत रक्तपात झाला कीं, त्यांचें वैर पुरातनच आहे असें म्हणून आपण मोकळे होतों. हें उत्तर सोपें खरें, परंतु आम्हांस तें पटत नाहीं. शेजाऱ्यांत भांडणें असावयाचींच. शब्दांनीं चाललेलें भांडण एके दिवशीं शस्त्रांनीं कां चालूं लागतें, हा खरा प्रश्न होय. त्याचा विचार श्रीलंकेच्या उदाहरणावरून करण्याचें आम्ही योजिलें आहे. त्या कथेंत शाळा, परीक्षा व गुण यांचा संबंध पदोपदीं येतो. म्हणून ती आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ऐकण्यासारखी आहे.

ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८१६ सालीं लंकेच्या उत्तरेस जाफन्यास पोहोंचले व त्यांनीं तेथें शाळा काढल्या. जाफन्याची जमीन कोरडी. तेथील तामिळ मुलांस इंग्रजी शिकून नोकरी धरण्यावांचून दुसरा मार्ग फारसा नव्हता. यामुळें इंग्रजी अमदानींत सरकारी कचेऱ्यांतून तामिळांची संख्या लोकसंख्येच्या मानानें अधिक दिसूं लागली. स्वभाषेंत शिकलेल्या सिंहली खेडुताच्या मुलास हें खुपलें. आणि त्याचें खुपणें अगदींच निराधार होतें, असें आम्हांस म्हणवत नाहीं. शाळा हें सत्कार्य खरें; पण ती एका प्रांतांत आधीं व दुसऱ्यांत उशिरां निघाली, तर तिच्यामुळेंही मत्सर वाढतो.

१९५६ सालीं पंतप्रधान भंडारनायके यांनीं एकट्या सिंहलीस राजभाषा ठरविणारा कायदा केला. त्याविरुद्ध तामिळ पुढारी कोलंबोस समुद्रकांठच्या मैदानावर सत्याग्रहास बसले, तेव्हां जमावानें त्यांस मारहाण केली. तरीही त्यांचे नेते चेल्वनायकम् यांनीं बोलणें सोडिलें नाहीं. भंडारनायके व चेल्वनायकम् हे दोघेही कोलंबोच्या सेंट टॉमस विद्यालयांत शिकलेले. जुलै १९५७ मध्यें दोघांनीं करार केला : उत्तर व पूर्व भागांत कारभार तामिळमध्यें चालावा, आणि प्रादेशिक मंडळांस कांहीं अधिकार मिळावे. देशाचे तुकडे होणार, अशी ओरड विरोधी पक्षानें लगेच सुरू केली. एप्रिल १९५८ मध्यें कांहीं भिक्षु पंतप्रधानांच्या दारीं धरणें धरून बसले, आणि पंतप्रधानांनीं करार रद्द केला. पुढच्याच महिन्यांत दंगली झाल्या. १९६५ सालीं तो विरोधी पक्ष सत्तेवर आला व त्याच्या पंतप्रधानानें त्याच चेल्वनायकमांशीं दुसरा करार केला. आतां ओरड करण्याची पाळी पहिल्या पक्षाची होती. तिनेंही काम केलें, व हाही करार कागदावरच राहिला.

आमच्या मतें युद्धाचें बीज येथें आहे. कायदा अन्यायाचा असला तरी तो बदलतां येतो. परंतु सनदशीर मार्ग धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातीं दोन वेळां मोडलेला शब्दच येतो, हें घरांतील तरुण पोर पाहत असतें. आणि तें त्याला हंसूं लागतें.

१९७१ सालीं विद्यापीठ-प्रवेशाचा नियम बदलला. वैद्यकास जाण्यासाठीं सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यास ४०० पैकीं २२९ गुण पुरेसे ठरले. तामिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यास २५० लागले. मागासलेल्या भागांतील मुलांस संधि द्यावी, हा हेतु चांगलाच. परंतु येथें माप मुलाच्या गांवास न लावतां त्याच्या भाषेस लाविलें. घटनेचीं कलमें अठरा वर्षांच्या मुलास फारशीं कळत नाहींत. २१ गुण मात्र बरोबर कळतात.

कोणी म्हणेल, हा अखेर भाषेचाच तंटा. पण त्याच वर्षीं एप्रिलांत हजारों सिंहली तरुणांनीं सिंहली पुढाऱ्यांच्याच सरकारविरुद्ध बंड केलें. भाषा एक, बहुतेकांचा धर्मही एक. तेही शिकलेले होते, आणि बेकार होते.

पुढील घटना भराभर घडल्या. १९७५ सालीं जाफन्याचे महापौर दुरैअप्पा यांस तामिळ तरुणांनींच गोळी घातली. १९७६ सालीं वड्डुकोड्डै येथें, जेथें पूर्वीं अमेरिकन मिशनचें नामांकित विद्यालय होतें, वृद्ध चेल्वनायकमांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र राज्याचा ठराव झाला. दुसऱ्याच वर्षीं ते वारले. १९८१ सालीं जाफन्याचें ग्रंथालय जाळण्यांत आलें व सुमारें ९७,००० ग्रंथ भस्म झाले. जुलै १९८३ मध्यें 'वाघ' म्हणविणाऱ्या तामिळ संघटनेनें १३ सैनिक मारिले, आणि कोलंबोंत जमाव मतदारांच्या याद्या हातीं घेऊन तामिळांचीं घरें शोधूं लागले. मतदारांच्या याद्या आपोआप रस्त्यावर येत नाहींत.

या वाघांस आम्ही वीर म्हणणार नाहीं. त्यांनीं मुलांच्या हातीं बंदुका दिल्या, आणि बोलणाऱ्यांसही सोडिलें नाहीं : चेल्वनायकमांच्या मागून पुढारी झालेले अमृतलिंगम् यांची हत्या १९८९ सालीं त्यांनींच केली.

१९८७ सालीं भारताशीं झालेल्या करारानंतर लंकेच्या घटनेंत तेरावी दुरुस्ती झाली. तामिळही राजभाषा झाली व प्रांतिक मंडळें स्थापण्यांत आलीं. तीस वर्षांपूर्वींच्या त्या रद्द केलेल्या करारांत याहून अधिक कांहीं मागितलेलें नव्हतें. परंतु आतां तेवढ्यावर थांबणारे थोडे उरले होते. युद्ध मे २००९ पर्यंत चाललें, व त्यांत अंदाजें ८०,००० ते १,००,००० माणसें मेलीं.