शाळेचें वेळापत्रक व शेतकऱ्यांचे पुढारी

शाळेचें वेळापत्रक ही केवळ कारकुनी बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ती चुकीची आहे. कोणीं काय शिकावें एवढेंच नव्हे, तर पुढें कोणीं पुढारी व्हावें, हेंही त्या कागदावर ठरतें. अमेरिकेंतील शेतकी विद्यार्थिसंघाचें उदाहरण याची साक्ष देईल.

तेथें 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें माध्यमिक शाळांतील शेतकी शिक्षणास मध्यवर्ती सरकारचें द्रव्यसाहाय्य मिळालें, आणि 1928 सालीं कॅन्सस सिटी येथें 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' हा संघ स्थापन झाला. शेतकीचा वर्ग, प्रत्यक्ष शेतीकाम आणि संघ हीं तेथें एकाच शिक्षणाचीं तीन अंगें होत. सभा चालविणें, ठराव मांडणें, हिशेब ठेवणें हें विद्यार्थी संघांतच शिकतात.

1990 नंतरच्या दशकांत अनेक शाळांनीं रोज चारच विषय, प्रत्येकास दीड तास, असे ठेवून वर्षाचा अभ्यास सहामाहींत आटोपण्याची पद्धत स्वीकारली. दीर्घ तासाचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. शेतावर जाऊन काम करून परतण्यास पाऊण तास पुरत नाहीं. परंतु विषय एका सहामाहीचा आणि संघाचें काम वर्षभराचें, ही विसंगति कोणीं निस्तरावी? पहिल्या सहामाहींत शेतकी शिकलेला चिटणीस दुसरींत त्या वर्गांतच नसतो. मग सभा शाळा सुटल्यावर भरते. ज्याच्या घरीं मोटार मोकळी आहे तो थांबतो, आणि ज्याला शाळेची बस गाठून गोठ्यांत दूध काढावयाचें आहे तो निघून जातो. म्हणजे शेतकऱ्यांच्या संघांत शेतांत राबणाराच मागें राहावयाचा! 1969 सालीं संघानें मुलींना दार उघडलें. नियमानें उघडलेलें दार वेळापत्रकानें लावून घेणें हा कोठला न्याय?

उपाय दुर्घट नाहीं. दीर्घ तास एक दिवसाआड ठेवून विषय वर्षभर चालवावा, आणि संघाच्या सभेस शाळेच्या वेळांतच जागा द्यावी.

महात्मा जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांतून शेतकीचें ज्ञान द्यावें व जमेल तेथें शाळेस नमुन्याचें लहान शेत जोडावें, अशी मागणी केली होती. ती पुरी करूं इच्छिणाऱ्या आमच्या शाळाचालकांनीं शेताबरोबर घड्याळाचाही विचार करावा. आणि ज्यांच्या पेढ्या शेतमालावर चालतात त्या व्यापाऱ्यांनींही हा प्रश्न परका मानूं नये. शेतकऱ्याच्या मुलाला सभेंत बोलावयास वेळच दिला नाहीं, तर उद्यां त्याच्या वतीनें दुसरेच बोलतील.