दीड फुटाचा बांध

मार्चअखेर आली की आमच्या लासुर्ण्यात सोसायटीच्या दारात गर्दी होते. कर्ज नवं-जुनं करायचं असतं. उसनवारी करून मागचं भरायचं, नवं उचलायचं, उसने फेडायचे. तारखेचं आणि कर्जाचं हे नातं फार जुनं आहे. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंडे म्हणत. व्याज त्या दिवशी द्यायचं, म्हणून सावकाराच्या वहीला नाव पडलं कॅलेंडारियम. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर मूळचं ते.

त्याच रोममध्ये पहिल्या शतकात तत्त्वज्ञ सेनेकाने आयुष्याच्या अल्पत्वावर एक छोटं पुस्तक लिहिलं, धान्यपुरवठ्याचा कारभार पाहणाऱ्या पाउलिनससाठी. त्यात तो सांगतो की शेताच्या हद्दीवरून माणसं हत्यार उचलतात, पण आयुष्यात कुणीही घुसलं तरी चालवून घेतात. सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता. तेवढ्याने त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

वाचताना वडील आणि चुलते डोळ्यांपुढे आले. वाद दीड फुटाच्या बांधाचा. मोजणी, हरकत, पुन्हा मोजणी, मग कोर्ट. अकरा वर्षं गेली. तेवढ्या काळात कितीदा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला गेला, खोडवे निघाले. एकदाही भाऊ भावाच्या तोडीला आला नाही. दीड फुटात उसाची एक सरीसुद्धा बसत नाही. निकाल लागला तेव्हा चुलते नव्हते. वडील निकालाचा कागद हातात घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

भावांच्या वाटणीची दुसरी तऱ्हा तुकोबांकडे दिसते. त्यांचं घराणं सावकारीचं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. मला यातली वाटणी मोलाची वाटते. भावाचा हक्क त्याला आधी, कटकटीशिवाय मिळाला. त्याच तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून आमच्या लासुर्ण्यावरून पुढे जाते. वडील आणि चुलते दर वर्षी दर्शनाला यायचे, रस्त्याच्या दोन कडांना उभे राहायचे.

तुमच्याही बांधावर असा वाद असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच भावाच्या घरी जा.