सही करण्याआधी वकील गाठा



प्रेस मशीनमध्ये बोटे गेलेल्या पोराच्या उशाशी बसून ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे सांगणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सांगणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो, कधी घरातलाच वडीलधारा. ‘मालक बघतील, पोराला परत कामावर घेतील, कशाला वाकडं घ्यायचं?’ उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, सगळीकडे हाच सूर. मी उभे आयुष्य फौंड्रीत काढले आहे आणि माझे ठाम मत आहे की हा सल्ला कामगाराला लुबाडतो.

भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे. 1923 पासून त्यासाठी कायदा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला, पण त्याचा गाभा तोच राहिला. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे त्याला पुरते. कामगाराचे क्षणभर लक्ष चुकले म्हणून हक्क जात नाही. रक्कमही कुणाच्या मनावर सोडलेली नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. 2020 साली हिशेबासाठी धरायच्या पगाराची मर्यादा 15,000 रुपये झाली. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या कामगाराला 207.98 ने गुणून 18 लाख 71 हजार 820 रुपये येतात. अंगठा गेला तर कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे त्याचे 30 टक्के, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. हा हिशेब माहीत नसलेल्या बापाच्या हातात पन्नास हजार ठेवले की तो हात जोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग प्रत्येकाने पहिल्याच दिवशी वकील लावावा का? नाही. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड असेल तर भरपाई मालकाकडून नव्हे, महामंडळाकडून मिळते. अपघाताचा अहवाल वेळेवर गेला आणि वैद्यकीय मंडळाने टक्केवारी नीट धरली, तर तिथे वकिलाचे काम नाही. मालकाने वर्गणी थकवली असेल तरी कामगाराचा लाभ बुडत नाही. महामंडळाने ती मालकाकडून वसूल करायची असते. पहिल्या दिवसाचे खरे काम कागदाचे आहे. दवाखान्यात नोंद करताना ‘घरी पडला’ असे लिहू देऊ नका. ‘अमुक कारखान्यात, प्रेसवर, अमुक शिफ्टला’ असेच लिहून घ्या. हजेरी, पगाराची बँकेतली नोंद, शेजारच्या मशीनवरच्या दोघांची नावे जपून ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. ‘बघू, करू’ म्हणत ती कशी सरते ते कळतही नाही.

पण काही प्रसंगी वकील किंवा नोंदणीकृत युनियनचा माणूस सोबत हवाच. ‘हा आमचा कामगार नव्हे, ठेकेदाराचा’ असे कारखाना म्हणू लागला की एक दिवसही दवडू नये, कारण कारखान्याच्या कामावर ठेकेदाराने लावलेल्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावरही असते. मृत्यू झाला असेल तर रक्कम परस्पर घरच्यांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही, ती कामगार भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (पूर्वीचे आयुक्त) जमा करावी लागते. आणि टक्केवारीवरून वाद असेल तर वकिलाशिवाय उभे राहूच नये. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण होते. डावा हात कोपराच्या वर कापलेला. तक्त्यात एक हात गेल्याचे शंभर टक्के धरलेले नाहीत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, हे न्यायालयाने मान्य केले. फौंड्रीतल्या मोल्डरला आणि मागावरच्या कामगाराला हाच न्याय लागू आहे, मात्र तो मांडणारे कुणीतरी पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचे सहीचे. ‘भरपाई पोचली, तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद समोर आला की आधी तो जाणत्याला दाखवा. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे आणि तडजोड सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. म्हणून ज्यांनी अंगठा उठवून टाकला आहे त्यांनीही सगळे संपले असे समजू नये.

वकिलाच्या फीची भीती खरी आहे, मला ती कळते. पण भरपाईत वाटा मागणे वकिलाला नियमाने मना आहे. कुणी ‘निम्मे माझे’ म्हणाला तर तिथून उठावे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा 15100 वर फोन.

कोर्टात वेळ जातो, हा आक्षेप मी नाकारत नाही. धाराशिव जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक पहारेकरी 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला आणि वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी 3,26,140 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि शेवटी जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. बावीस वर्षे! दावे तीन महिन्यांत निकाली काढावेत, असे तर जुना कायदाच म्हणत होता. तरीही त्या कुटुंबाने दावा सोडला नाही, म्हणूनच कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, भरपाईला पात्र आहे हे सगळ्या देशासाठी ठरले. आपल्याला तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच मिळाले आहे. अपिलासाठी मुंबईच्या खेपा आता उरल्या नाहीत.

माझी मागणी एकच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि इचलकरंजीच्या सरकारी रुग्णालयात रोज एक स्वयंसेवक बसवावा, आणि 15100 चा फलक मराठी व हिंदीत लावावा. परप्रांतातून आलेली पोरे आज आपल्या भट्ट्यांवर राबतात. त्यांना इथे सांगणारे कुणी नाही. मालकाचा माणूस खाटेपाशी पोचण्याआधी कायद्याचा माणूस तिथे पोचला पाहिजे.

एक निवृत्त फौंड्री कामगार,
शिरोली पुलाची, जि. कोल्हापूर