बॅगेला कायदा, गावाला उपदेश

जी-२० देशांचे पर्यटनमंत्री २१ जून २०२३ रोजी गोव्यात बसले आणि त्यांच्या दस्तऐवजाला आपल्या भूमीचे नाव मिळाले : 'गोवा रोडमॅप'. हरित पर्यटन, डिजिटलीकरण, कौशल्ये, लघुउद्योग आणि पर्यटनस्थळांचे व्यवस्थापन असे त्याचे पाच अग्रक्रम. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना सोबतीला होती. बैठक झाली, छायाचित्रे निघाली, पाहुणे आपापल्या विमानांनी परतले. गंमत म्हणजे त्या दस्तऐवजात जे जे करायला सांगितले आहे ते सगळे ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल त्याने करावे, ज्याला न वाटेल त्याने खुशाल विसरावे! नाव मात्र गोव्याचे.

वाचकहो, मला या 'ऐच्छिक' शब्दाबद्दलच बोलायचे आहे.

प्रवास, पर्यटन आणि विमान वाहतूक या क्षेत्रांत आंतरराष्ट्रीय संस्थांची काही कमतरता नाही. मॉन्ट्रियलला 'इकाओ' आहे. ही संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना १९४४च्या शिकागो करारातून जन्माला आली. विमान कंपन्यांची स्वतःची 'आयाटा' आहे, १९४५ साली हवानात स्थापन झालेली. आपल्या बॅगेच्या चिठ्ठीवर दाबोळीसाठी 'जीओआय' आणि मोपासाठी 'जीओएक्स' छापून येते, ती अक्षरे तिच्याच वहीतली. पॅरिसला युनेस्को आहे. माद्रिदला जागतिक पर्यटन संघटना आहे, जी २०२४पासून 'यूएन टूरिझम' हे नाव लावते. या संस्था निरुपयोगी आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. एका देशाचे विमान दुसऱ्या देशाच्या आकाशातून सुखरूप जाते, जगभरचे वैमानिक आणि नियंत्रक एका ठरलेल्या भाषेत बोलतात, हे त्यांचेच काम आणि ते मोठे काम आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या संस्थांनी मिळून, जो प्रवास करतो त्याच्यासाठी कायदा केला. आणि ज्याच्या दारात तो उतरतो त्याच्यासाठी सुविचार लिहिले.

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून १९९९ या एकाच वर्षाकडे पाहू.

मे १९९९मध्ये मॉन्ट्रियलला एक करार झाला. विमान प्रवासात प्रवासी दगावला, जखमी झाला, उशीर झाला, सामान हरवले, तर कंपनीने किती भरपाई द्यायची याचा हा करार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिली देशातल्या सांतियागो शहरात पर्यटन संघटनेने 'पर्यटनाची जागतिक नीतिसंहिता' संमत केली. तिच्यात दहा कलमे आहेत. पाणी आणि ऊर्जा वाचवणाऱ्या पर्यटनाला प्राधान्य द्यावे, कचरा शक्यतो होऊ देऊ नये, स्थानिकांना लाभात न्याय्य वाटा मिळावा, अशी सुरेख वाक्ये तिच्यात आहेत. वाचताना डोळे पाणावावेत इतकी सुरेख!

आता या दोन कागदांचे पुढे काय झाले ते पाहा. मॉन्ट्रियल करार २००३मध्ये लागू झाला. भारत त्यात २००९ साली सामील झाला. आज १३०हून अधिक देश त्याने बांधलेले आहेत. बॅग एकवीस दिवसांत आली नाही तर ती हरवली असे धरून हक्क सांगता येतो, आणि भरपाईची कमाल मर्यादाही ठरलेली आहे. ती मोजली जाते 'एसडीआर'मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबाच्या एककात. मुळात ती १००० एसडीआर होती. महागाई वाढते म्हणून दर पाच वर्षांनी तिचा आढावा घ्यायचा असे करारातच लिहिलेले आहे. त्यामुळे ती २००९मध्ये ११३१, २०१९मध्ये १२८८ आणि डिसेंबर २०२४पासून १५१९ झाली. रुपयांत सांगायचे तर दीड-दोन लाखांच्या घरात.

आणि नीतिसंहिता? ती नीतिसंहिताच राहिली. तिच्यासाठी एक समिती नेमली गेली, जिच्याकडे वाद नेता येतो, पण दोन्ही बाजू राजी असतील तरच. संहितेचे कराराच्या रूपात रूपांतर झाले तेव्हा २०१९ साल उजाडले होते, म्हणजे वीस वर्षे गेली. सेंट पीटर्सबर्गला त्या कराराचा मसुदा संमत झाला, आणि तो लागू होण्यासाठी निदान दहा देशांची संमती हवी अशी अट घातली गेली. बॅगेच्या कराराला तीस देशांची संमती हवी होती, ती चार वर्षांत मिळाली. जगाला घाई कशाची असते ते यावरून कळावे.

माझ्या पुतण्याची बॅग आखातातून येताना वाटेत हरवली होती. त्याने विमानतळावरच फॉर्म भरला, लेखी तक्रार केली, नियम दाखवला आणि काही आठवड्यांनी पैसे घेतले. चांगले झाले. पण त्याच सुमारास आमच्या वाड्यावरच्या सामायिक विहिरीच्या शेजारी एक अतिथिगृह उभे राहिले आणि त्याच्या सोकपिटाचे पाणी विहिरीत उतरू लागले. पिढ्यान् पिढ्या प्यालेले ते पाणी आता कपडे धुवायलाही नको वाटते. तक्रार आम्हीही लेखीच केली. ती या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरते आहे. एकवीस दिवसांची मुदत इथे कोणी घालून दिलेली नाही. बॅग हरवली तर तिची किंमत मॉन्ट्रियलला ठरलेली आहे. विहीर हरवली तर तिची किंमत कोणी ठरवायची?

यावर ठरलेले उत्तर येते. म्हणतात, विहीर, कचरा, बांधकाम हे त्या त्या देशाचे अंतर्गत प्रश्न. देश सार्वभौम असतात, बाहेरची संस्था त्यांना काय सांगणार? ऐकायला बरे वाटते. पण हे खरे नाही.

पुन्हा १९९९ साल घ्या. त्याच वर्षापासून इकाओने सदस्य देशांच्या विमान सुरक्षा यंत्रणेची सक्तीची तपासणी सुरू केली. डिसेंबर २०१२मध्ये तशी भारताची तपासणी झाली आणि गंभीर उणिवा निघाल्या. पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने स्वतः तपासले आणि जानेवारी २०१४मध्ये भारताला खालच्या श्रेणीत ढकलले. आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणे सुरू करता येईनात. मग काय झाले? दिल्लीत धावपळ झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५ पूर्णवेळ निरीक्षकांची पदे मंजूर केली, त्रुटी भरून निघाल्या आणि एप्रिल २०१५मध्ये वरची श्रेणी परत मिळाली. तेव्हा सार्वभौमत्व आड आले नाही. तपासणीला दात असले की सार्वभौम सरकारेही रात्री जागून काम करतात.

युनेस्कोकडेही एक लहानसा दात आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्बे नदीवर नको तिथे पूल बांधायला घेतला, तेव्हा २००९मध्ये त्या नदीखोऱ्याचे नाव जागतिक वारसा यादीतून काढून टाकण्यात आले. आपल्याकडे जुन्या गोव्याच्या चर्चेस आणि मठ १९८६पासून त्या यादीत आहेत. २०२१मध्ये तिथल्या एका बांधकामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा 'जागतिक वारसा' हे दोन शब्द त्यांच्या हातात होते. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या वाड्याच्या हातात असे कुठले दोन शब्द आहेत?

व्यापाराच्या बाबतीत तर ही तफावत अधिकच उघडी पडते. २००५पर्यंत जगात दोन 'डब्ल्यूटीओ' होत्या : एक जागतिक व्यापार संघटना आणि दुसरी जागतिक पर्यटन संघटना. गोंधळ नको म्हणून पर्यटनवाल्यांनी आपल्या लघुनामामागे 'यूएन' ही अक्षरे जोडली. खरे तर गोंधळ व्हायचे कारण नव्हते. व्यापार संघटनेच्या १९९५च्या सेवा करारात हॉटेल आणि पर्यटन हा वेगळा गट आहे. त्यात एका देशाने दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला तर तंटा उभा राहतो, निवाडा होतो. म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला निवाडा मिळतो आणि यजमान गावाला नीतिसंहिता!

कोणी म्हणेल, तुम्हाला पर्यटन नकोच आहे. तसे नाही. २०१२मध्ये खाणी थांबल्या, २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, आणि त्या काळात किती घरांची चूल पर्यटनावर पेटली ते मी पाहिले आहे. २०२०च्या महामारीत विमाने थांबली तेव्हा शॅकवाले, टॅक्सीवाले, खोल्या भाड्याने देणाऱ्या विधवा बायका यांचे काय हाल झाले तेही पाहिले आहे. म्हणूनच तर बोलतो. ज्या धंद्यावर आपले पोट आहे तो धंदा यजमानाच्या पाण्यावर, जमिनीवर आणि सहनशीलतेवर उभा आहे. त्याच संपल्या तर पाहुणा दुसरे गाव शोधील. आपल्याला दुसरे गाव नाही.

आणि सदिच्छेवर जगणे म्हणजे काय, हे गोव्याला बाहेरून कोणी शिकवायची गरज नाही. आपला मुंडकार शतकानुशतके भाटकाराच्या सदिच्छेवर जगला. सगळेच भाटकार वाईट नव्हते. पण चांगल्या भाटकाराच्या घरातही मुंडकार उंबऱ्याबाहेरच उभा असायचा, कारण राहते घर केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता. तो ताठ उभा राहिला तो १९७५च्या मुंडकार कायद्यानंतर. त्याआधी १९६४ साली कूळ कायदा आला होता. नीतिसंहिता म्हणजे भाटकाराची सदिच्छा. आम्हाला ती नको असे नाही, पण तिच्यावर भागत नाही.

मग मागायचे काय? मी तीनच गोष्टी मागतो.

पहिली, मोजणी बदला. पर्यटन संघटना दरवर्षी आगमने मोजते. २०२४मध्ये जगात सुमारे १४० कोटी आंतरराष्ट्रीय आगमने झाली असे तिने जाहीर केले. आपले सरकारही तीच वही लिहिते : २०२४मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, म्हणजे माणशी सुमारे सात पाहुणे झाले. अभिनंदनाचे फलक लागतात. पण या पाहुण्यांनी किती पाणी वापरले, किती मैला सोडला, किती टँकर कुठल्या विहिरीतून भरले गेले, हे त्या वहीत नसते. २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पर्यटनाची शाश्वतता मोजण्याची चौकट मान्य केली आहे. म्हणजे मापे तयार आहेत. गोवा सरकारने त्या मापांनी तालुकावार हिशोब काढावा आणि तो ग्रामसभेत वाचावा. यासाठी माद्रिदच्या परवानगीची गरज नाही.

दुसरी, तपासणी सक्तीची करा. इकाओ जसा देश तपासते तसे पर्यटन संघटनेने पर्यटनस्थळ तपासावे आणि निकाल जाहीर करावा. आज ती 'सर्वोत्तम पर्यटन गाव' म्हणून बक्षिसे देते. बक्षिसे द्यावीत, पण नापासाचीही यादी लावावी. जी शाळा फक्त पहिला नंबर जाहीर करते, त्या शाळेत बाकीच्यांची काय स्थिती आहे ते पालकांना कधीच कळत नाही.

तिसरी, भारताने यजमानासाठीचा करार मनावर घ्यावा. ज्या देशाने आपल्या अध्यक्षपदाच्या वर्षी गोव्याचे नाव एका जागतिक दस्तऐवजाला दिले, त्याने त्या नावाखालचा 'ऐच्छिक' शब्द खोडण्यासाठी पुढाकार घ्यावा. तेवढी तरी त्या नावाची लाज राखावी.

शेवटी मोपाची आठवण करून देतो. त्या विमानतळाचा पर्यावरण दाखला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये स्थगित केला होता. अर्जात वनांबद्दलची माहिती दडवल्याचे कोर्टाने सुनावले होते. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली, आणि जानेवारी २०२३पासून तिथे विमाने उतरू लागली. धावपट्टीची लांबी, दिव्यांचे अंतर, अग्निशामक दलाची तयारी, यासाठी आंतरराष्ट्रीय मापे होती आणि ती पाळावीच लागली. पठारावरच्या रानासाठी मात्र पेडण्यातल्या साध्या माणसांना दिल्लीपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांच्या मागे मॉन्ट्रियल नव्हते की माद्रिद नव्हते.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा : आपल्या गावात येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेला जेवढे संरक्षण आहे, तेवढे आपल्या तळीला आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका.