जाळं कापणाऱ्या हाताचीही नोंद हवी

आमच्या रानशेतहून समुद्र दिसत नाही. तरी पावसाळा ओसरला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांतली तरणी माणसं गुजरातमधल्या वेरावळ, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासेमारीबंदी लागली की जूनमध्ये परततात. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. बाबा कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर एकच: "बोटीवर."

व्हेल शार्क वाचवण्यात या बाबांचा हात आहे. हा जगातला सर्वांत मोठा मासा. खातो मात्र प्लवकासारखे बारीक जीव. नव्वदच्या दशकात गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी तो सर्रास मारला जाई. 2001 मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. 2004 पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने रामकथाकार मोरारीबापूंना सोबत घेऊन किनाऱ्यावर मोहीम चालवली आणि शिकार करणारेच त्याला सोडू लागले. पूर्वी जाळ्याच्या भरपाईसाठी अधिकारी खात्री करायला पोहोचेपर्यंत मासा जाळ्यात तडफडत राही. मग बोटींवर कॅमेरे दिले गेले. फोटो काढायचा, जाळं कापायचं, मासा मोकळा. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे चांगल्या फोटोवरून तोच मासा पुन्हा ओळखता येतो. संशोधन इथूनच सुरू होतं.

महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 पासून जाळं कापून संरक्षित जीव सोडल्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ती जाळ्याची असते, आणि जाळं मालकाचं. त्यात गैर काही नाही. पण त्या प्रचंड शेपटीजवळ वाकून दोर कापणाऱ्या खलाशाला मानधन मिळायला हवं, सुटकेच्या कागदावर त्याचं नाव यायला हवं.

प्रश्न एका व्हेल शार्कचा नाही. जगातल्या शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचं 2021 च्या जागतिक पाहणीत दिसलं. संशोधक दिव्या कर्नाड आणि सहकाऱ्यांनी गुजरात-महाराष्ट्रातल्या मच्छीमारांशी बोलून 2020 मध्ये मुशी, म्हणजे शार्क, घटत असल्याचं मांडलं. म्हणजे शास्त्राला हवी ती माहिती बोटीवरच्या माणसांकडे आहे. मुशीची जात कोणती, लांबी किती, पोटाखाली नराचे दोन दांडे आहेत की ती मादी आहे, हे टिपायला पदवी लागत नाही.

वन आणि मत्स्य विभागांनी या नोंदींचं प्रशिक्षण जुलैत, खलाशी घरी असताना, इथेच द्यावं. मराठीत आणि वारलीत. रविवारी आमचा वर्ग रिकामा असतो. मी उघडून देईन.