इन्व्हर्टर खरोखर किती वेळ साथ देईल?

मे महिन्याच्या दुपारी लकडगंजात वीज गेली की आरायंत्रांचा आवाज एकाएकी थांबतो आणि साऱ्या वस्तीला ते कळते. आपल्या घरात आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतील, तर त्या क्षणी पहिला प्रश्न मनात येतो तो इन्व्हर्टरचा. त्याचे उत्तर बहुतेक घरांत बॅटरी विकणाऱ्याने खरेदीच्या दिवशी दिलेले असते, आणि त्यावरच आपण विसंबून राहतो. हा हिशेब आपला आपण करावा.

बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवर असे छापलेले असते. गुणाकार १८०० वॉट-अवर. एवढी वीज हाती येत नाही. १५० हा आकडा बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा ठरतो. तीच दोन-तीन तासांत उपसली, तर सुमारे एक तृतीयांश हाती लागतच नाही. इन्व्हर्टरही काही वीज स्वतः खातो. तेव्हा नव्या बॅटरीचे सुमारे १००० वॉट-अवर धरावेत आणि नागपूरचे तीन-चार उन्हाळे सोसलेल्या बॅटरीचे ६५०, कारण उष्णतेने बॅटरी लवकर झिजते.

आता खर्च पाहू. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. नेमका आकडा यंत्राच्या पट्टीवर असतो. साधा पंखा ७५, एलईडी दिवा ९. एकूण सुमारे ४३५. नवी बॅटरी सव्वादोन तास चालेल, जुनी दीड तास. त्यात १८० वॉटचा कूलर जोडला, तर जुनी बॅटरी तासाभरातच थकेल.

कूलर ही चैन आहे, असे मी म्हणणार नाही. ४५ अंशांच्या उन्हात ऐंशीच्या घरातील माणसाला उकाडाही तितकाच घातक. म्हणून सर्वांनी एकाच खोलीत बसावे, खिडकीला ओला पडदा लावावा आणि ३० वॉटवर चालणारा बीएलडीसी पंखा आधीच बसवून घ्यावा. दूरचित्रवाणी मात्र नि:संकोच बंद करावी. एक मोह टाळावा: बॅटरी वाचवण्यासाठी प्राणवायूचा प्रवाह कमी करू नये. कॉन्सन्ट्रेटरची वीज त्याने फारशी वाचत नाही आणि रुग्णाला मात्र कमी पडते. प्रवाह डॉक्टरांनी ठरवलेला असतो.

कागदावरचा आकडा एकदा पडताळून पाहावा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना, आजोबांना सिलिंडरवर ठेवून, यंत्र व पंखा इन्व्हर्टरवर चालवा आणि इशाऱ्याची शिट्टी कधी वाजते ते लिहून ठेवा. त्याच्या दोन तृतीयांश वेळ आपला माना. दीड तास भरला, तर एका तासानंतर सिलिंडरकडे वळायचे. रिकामी बॅटरी पुन्हा भरायला दहा-बारा तास लागतात, हेही विसरू नये. दुपारी गेलेली वीज संध्याकाळी पुन्हा गेली, तर सकाळचा हिशेब लागू होत नाही.

बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर दराने तो साडेबारा तास पुरतो, काटा अर्ध्यावर असेल तर सहा. अंधार पडला म्हणून त्या खोलीत मेणबत्ती, समई किंवा उदबत्ती लावू नका. प्राणवायूजवळ ठिणगीचा भडका होतो. विजेरी हाताशी ठेवा. महावितरणचा १९१२ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि वीजजोडणीला आपला चालू भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवा, म्हणजे नियोजित भारबंदीचा संदेश मिळेल.

सिलिंडरची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवा. रेग्युलेटर लावून पाहण्याचा सराव मुलाने नव्हे, आजींनी करावा. भर दुपारी घरी बहुधा त्याच असतात.